पोट भरल्याची तक्रार

तर खुर्ची मोडली. काल इथपर्यंत सांगून झालं आणि मला खोकल्याची उबळ आली, म्हणून पुढचं राहिलं. नोंदणी कचेरीत आम्ही सगळे बसलेलो, धाकट्या भाच्याच्या लग्नाच्या सह्या व्हायच्या होत्या, आणि थोरली भाची खुर्चीसकट खाली. आवाज असा झाला की पलीकडच्या खोलीतला कारकून धावत आला. मंडळी हसावं की उचलावं या विचारात. ही मात्र जमिनीवर बसल्या बसल्या त्या कारकुनाकडे वर बघत म्हणाली, "साहेब, तुमची खुर्ची आधीपासूनच आजारी होती. मी फक्त भेटायला आले." कारकुनानंच उलट माफी मागितली.

सगळे हसले, मीही हसलो. पण तिला हात देऊन उठवणारा मी होतो, म्हणून एक गोष्ट मला दिसली. उभी राहिल्यावर तिची पहिली नजर गेली ती कोपऱ्यातल्या टेबलावर. तिथं पाहुण्यांसाठी बिस्किटं मांडली होती. पडली, लागलं, चारचौघांत शोभा झाली, ते सगळं होतंच. पण भूक त्या सगळ्याच्या डोक्यावर बसलेली.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आता चाळिशीला टेकली आहे. बाजारात तिला सगळे बटणवाली म्हणतात. चष्म्याच्या दुकानाला खेटून तिचं अरुंद दुकान आहे. भिंतभर लाकडी खण, आणि खणाच्या तोंडावर आत जे बटण असेल त्यातलं एक टाचलेलं. शिंपल्याची, शिंगाची, पितळी, कापड मढवलेली, कोटाची, उशीच्या अभ्र्याची. शिवाय हुक, चेन, इलॅस्टिक, सुया, रिळं. मध्ये लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेला लोखंडी बाक आणि त्यावर ती. बाकाचं कौतुक करावं तेवढं थोडं. आजवर त्यानं तिच्याविरुद्ध चकार शब्द काढलेला नाही.

हाच धंदा का धरलास, असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"मामा, सगळा बाजार पालथा घातला. ज्याला तोंड लावता येत नाही असा माल हा एवढाच निघाला."

"चष्म्याचं दुकानही तसंच की."

"त्याच्या खिशात दिवसभर शेंगदाणे असतात. मी तिथं कामाला राहिले असते तर एका दिवसात त्याला खिसा उरला नसता."

चष्मेवाला पलीकडून ऐकत होता. "खिसाच काय, मीही उरलो नसतो," म्हणाला. या दोघांचं हे असं रोज चालतं.

जन्मली तेव्हा ती चार बाळांसारखीच होती. पण पहिलं वर्ष सरायच्या आत सगळं बदललं. दूध पिऊन झालं की रडायची. आणखी दिलं की गप्प, ते संपलं की पुन्हा रडणं. बहीण म्हणायची, "दादा, ही रडत नाही, ही मागते." बोलायला लागण्याआधी पोरीचं वजन असं झालं की तिला उचलताना मी आधी भिंत धरायचो. मग सल्ले देणाऱ्यांची रांग लागली. कोणी म्हणालं दृष्ट लागेल असं बाळसं आहे. मग तेच म्हणायला लागले की हे बाळसं नव्हे, हे लाड आहेत. एका डॉक्टरांनी बहिणीला तोंडावर सांगितलं, "बाई, तुमचा हात आवरा." बहीण घरी आली, तिनं स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

तेव्हापासून त्या घराची एक रीतच पडून गेली. जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेलं वाढून, आणि पुन्हा कुलूप. आज काय केलंय, असं घरात कोणी विचारायचं नाही. खाण्याच्या कुठल्याही वस्तूचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही. आणि ताटात कण टाकायचा नाही, कारण टाकलेलं हिच्या हाताला लागणार. सगळे पातेलं पुसून घ्यायचे. उरलेलं झाकून ठेवायला झाकणाचं भांडं लागतं, ते माझ्या बहिणीकडे कधी नव्हतंच. उरणार कुठून?

भाचीही काही कमी नव्हती. मिळेल ते लपवायची. उशीच्या अभ्र्यात, बुटात, कपाटामागे. आई दर आठवड्याला झडती घ्यायची. लपवणारी हुशार होत गेली तशी शोधणारीही हुशार होत गेली. एकदा शाळेतल्या बाईंनी मैदानात ऊन लागतं म्हणून हिची छत्री मागून घेतली आणि उघडली, तर बाईंच्या डोक्यावर बिस्किटांचा सडा. बाईंनी वर बघितलं. त्यांना वाटलं पक्ष्यांनी टाकली.

आम्ही हसायचो, ती आम्हाला हसवायची. एकदाच ती माझ्याशी सरळ बोलली. वीस-बावीसची असेल. म्हणाली, "मामा, तुम्हाला दोन दिवस उपाशी ठेवलं, मग समोर ताट मांडलं आणि कोणी म्हणालं, मनावर ताबा ठेवा, तर कसं वाटेल? माझं तसं आहे. फक्त माझे ते दोन दिवस संपत नाहीत. जेवून हात धुताना सुद्धा नाही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढे गुडघे बोलायला लागले. जिना चढायचा म्हणजे अर्ध्यावर मुक्काम. झोपेत श्वास अडकायचा. गुडघ्यांसाठी म्हणून तिला मोठ्या इस्पितळात नेलं, आणि तिथं एक डॉक्टरीणबाई भेटल्या. माझ्या नातीच्या वयाच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. आजवरच्या सगळ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, काय खाता? या बाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"जन्मल्यापासून," माझी बहीण म्हणाली.

"तान्हेपणीचा फोटो आहे?"

बहिणीनं पिशवीतून काढून दिला. बाई तो फोटो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुडघे नंतर बघू. आधी रक्त तपासू."

ती तपासणी साधी नव्हती. माणसाच्या पेशीत आईबापांकडून आलेली जनुकं असतात, त्यातलं अक्षर न् अक्षर वाचायचं. आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत एकच मास्तर सगळे विषय शिकवायचे, त्यांच्या तोंडून जनुक हा शब्द मी कधी ऐकला नाही. उत्तर यायला बरेच आठवडे गेले. आलं त्या दिवशी बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. अंगातली चरबी मेंदूला सारखा निरोप धाडत असते, की साठा भरपूर आहे, आता बस. मेंदूच्या दारात तो निरोप घेणारा एक दरवान असतो. हिच्याकडे तो दरवान जन्मापासून बहिरा. बाहेर निरोप्या ओरडून ओरडून घसा बसवतोय, आणि आत मेंदूला वाटतंय की घरात दाणा नाही, पोरगी उपाशी मरतेय. म्हणून तो हुकूम सोडतो, खा. दिवसभर, जन्मभर, खा. जगात फार थोड्या लोकांना हे असतं. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी दोन्ही जनुकं बिघडलेली आली तरच.

भाची ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे चेनसारखं. मधला एक दात निघालेला असला की वरपर्यंत कितीही ओढा, मिटत नाही. लोक म्हणतात ओढणाऱ्याला अक्कल नाही."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, "माझ्या बहिणीकडून आलं म्हणजे माझ्यातही असेल का?"

"असू शकेल. पण एकट्या जनुकानं असं होत नाही, आजोबा. तुमच्या पोटाला तुम्हीच जबाबदार."

भाची हसली, मीही हसलो. बहीण हसली नाही. ती पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी जास्त भरवलं म्हणून नाही?"

"नाही."

"ही हावरट म्हणून नाही?"

"नाही. ना तुमचा दोष, ना तिचा."

"जरा मोठ्यानं सांगा हो. माझ्या भावाला कमी ऐकू येतं."

मला चांगलं ऐकू येतं. बाईंनाही ते कळलं असावं, पण त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश आणि मोठ्यानं. बहिणीनं पदरानं तोंड पुसलं. एवढी वर्षं ती बाई किल्ली गळ्यात घालून स्वतःच्याच घरात पहारेकऱ्यासारखी वावरली होती. खोलीतून बाहेर पडताना तिची चाल बदललेली मी डोळ्यांनी बघितली.

बाईंकडे औषधही होतं. बहिऱ्या दरवानाला वगळून मागच्या दारानं मेंदूपर्यंत तोच निरोप पोचवणारं. पोटाच्या कातडीखाली रोज एक बारीक सुई. मात्र बिघाड ठरावीक जनुकांतला असेल तरच त्याचा उपयोग, बाकी जाड माणसांनी टोचून काही होत नाही. हिचा बिघाड बरोबर त्यातलाच निघाला. एक अट होती. थोडे महिने देऊन बघायचं, मग इस्पितळाची समिती बसणार. भूक आणि वजन यात फरक दिसला तर औषध चालू, नाही दिसला तर बंद. त्याच्यापुढे दुसरं काही नाही, हेही बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

तेव्हा एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं होतं. फरक पडला पाहिजे.

पहिली सुई बहिणीनं तीनदा पुढे नेली आणि तीनदा मागे घेतली, शेवटी भाचीनं ती काढून घेतली. "आई, मी दिवसभर सुया विकते. दे इकडे." सुरुवातीला मळमळ झाली, टोचल्या जागी लाल झालं, ते बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. मात्रा हळूहळू वाढवायची होती. मग एक गंमत सुरू झाली. भाचीचा रंग सावळा व्हायला लागला. अंगावरचे तीळ काजळ लावल्यासारखे काळे. औषधाचा गुणच तो, घाबरायचं कारण नव्हतं, पण बाजाराला काय माहीत? गिऱ्हाइकं विचारायची, समुद्रावर जाऊन आलात का? भाची सांगायची, "हो, सुईच्या टोकावर बसून."

चष्मेवाला म्हणाला, "अजून थोडी काळी झालीस की पितळी बटणं उठून दिसतील तुझ्यावर."

"आणि तुझ्या डोळ्यांवर चष्मा असूनही तुला मी आत्ताच दिसले का?"

बोलणं असं खुसखुशीत चालू होतं, पण भुकेचं कोणी विचारत नव्हतं. बहिणीला विचारायची भीती वाटायची. मलाही वाटायची. डबा रोज रिकामा परत येत होता. वजन थोडं उतरलंय असं वाटायचं, पण आशेनं बघणाऱ्या डोळ्यांवर कोण भरवसा ठेवणार?

समितीची तारीख तोंडावर आली आणि एका दुपारी बहिणीचा फोन. "दादा, संपलं सगळं."

"काय संपलं?"

"ये दुकानात. ये म्हणजे दिसेल."

गेलो. भाची घाऊक माल आणायला पेठेच्या दुसऱ्या टोकाला गेली होती आणि दुकान बहीण सांभाळत होती. गिऱ्हाइकानं शिंगाची बटणं मागितली, म्हणून तिनं खण ओढला, तर आत बटणांवर अर्धा बटाटा. शेजारच्या खणात पावाचा तुकडा, वाळून कडक झालेला. अभ्र्याच्या बटणांत उकडलेलं अंडं, तेही अर्धंच. बहिणीनं सगळे खण माझ्यापुढे ओढून ठेवले होते आणि ती बाकावर बसून मुसमुसत होती.

"पुन्हा लपवायला लागली, दादा. म्हणजे भूक तशीच आहे. लाजेनं सांगत नाही एवढंच. आता समितीला काय दाखवायचं?"

मला तिचं म्हणणं पटलं. न पटायला काय झालं? लहानपणापासून त्या पोरीनं लपवलेला प्रत्येक घास भुकेपायीच लपवलेला होता. झडती घेऊन घेऊन आमचे डोळे तेवढंच बघायला शिकले होते.

मी पाणी प्यायला म्हणून बाहेर आलो, तर चष्मेवाल्यानं मला बाजूला ओढलं. "मामा, तुमच्या भाचीचं काहीतरी बिनसलंय. काल मी तिच्या नाकासमोर शेंगदाणे खात होतो. ती मला विचारते, चष्म्याची काडी वाकवताना तुटत कशी नाही? इतकी वर्षं शेजारी आहे, तिनं माझ्या खिशाखेरीज कशाकडे बघितलं नव्हतं. मला तर भीतीच वाटली."

आता तुम्ही म्हणाल, मामा, इथं तरी तुमच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. उलट मी म्हटलं, डोक्यावरही परिणाम झाला वाटतं.

मी दुकानाच्या उंबऱ्यात परतलो, तेवढ्यात भाची आली. हातात रिळांचे पुडे, कपाळावर घाम. उघडे खण दिसले तशी दारातच थबकली.

"मामा, आईला सांगू नका," ती म्हणाली.

"मला आईनंच बोलावलं," मी म्हटलं, आणि बाजूला झालो. मागे बाकावर आई बसलेली तिला दिसली.

बहिणीनं डोळे पुसले. "बाळा, मी रागावणार नाही. भूक लागते ना अजून?"

भाचीनं पुडे खाली ठेवले. मग म्हणाली, "हे खायला नाही लपवलं, आई."

"मग कशाला?"

"मला ते खाता येत नाही."

"खाता येत नाही म्हणजे?"

"डबा उघडते. खायला बसते. मध्येच काहीतरी होतं इथं." तिनं बरगड्यांखाली हात ठेवला. "जड होतं. दुखत नाही, पण दार लावल्यासारखं होतं. मग हात पुढे जात नाही. समोर अन्न असलं तरी त्याच्याकडे बघवत नाही. रोज होतंय. मला वाटलं औषधानं आत काही बिघडलं. सांगितलं असतं तर त्यांनी औषध बंद केलं असतं. आणि डोकं इतकं शांत झालंय गं, ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. डबा भरलेला परत आणला असता तर तू घाबरली असतीस."

"मग टाकून द्यायचंस."

"कुठं? कसं टाकतात अन्न? आपल्या घरात कोणी टाकलेलं मी बघितलंय का?"

आता माझ्या बहिणीची गंमत बघा. मघापर्यंत ती रडत होती की पोरीला भूक आहे. आता रडायला लागली की पोरीला भूक नाही. आणि खरं सांगतो, मीही हादरलो. जिनं जन्मात ताटात शीत ठेवलं नाही तिनं अर्धा बटाटा ठेवला, म्हणजे दुखणं नक्कीच मोठं. आम्हा तिघांनाही दुसरं काही सुचेना. चष्मेवाल्यानं दुकानाचं शटर खाली ओढलं, त्याची गाडी काढली, पुढची सीट मागे सारून भाचीला बसवलं आणि आम्ही निघालो. वाटेत त्यानं सवयीनं शेंगदाण्याची पुडी पुढे केली. भाचीनं मान हलवली. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं, आणि गाडीचा वेग वाढवला.

डॉक्टरीणबाईंनी आमचे चेहरे बघून लगेच आत घेतलं. भाचीला झोपवून पोट दाबून बघितलं, नाडी, रक्तदाब, डोळे, सगळं.

"इथं दुखतं?"

"नाही."

"उलटी होते?"

"आता नाही होत."

"मग तक्रार काय आहे?"

भाचीनं सगळं सांगितलं. जड होणं, दार लागणं, हात थांबणं. बाई ऐकता ऐकता खुर्चीवर टेकल्या.

"हे खाण्याच्या आधी होतं की खाता खाता?"

"खाता खाता. अर्धं झालं की."

"आणि नंतर निघून जातं?"

"काही तासांनी. मग थोडी भूक लागते. पहिल्यासारखी नाही, लहानशी. हाक मारल्यासारखी. आधी ती ओरडायची."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, दारात उभ्या चष्मेवाल्याकडे बघितलं. आम्ही तिघंही भरल्या पोटाची माणसं, आणि तिघांनीही मान खाली घातलेली. मग बाई एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "याला पोट भरणं म्हणतात."

"म्हणजे हा आजार नाही?" भाचीनं विचारलं.

"नाही. रक्त मी तपासून घेते, खात्री म्हणून. पण हे ते आहे, ज्याच्यासाठी आपण औषध सुरू केलं."

"हे सगळ्यांना होतं?"

"सगळ्यांना."

"रोज?"

"दिवसातून दोन-तीनदा."

भाचीनं माझ्याकडे मान वळवली. "मामा, तुम्हालाही?"

"मला तर जरा जास्तच होतं," मी म्हटलं. "त्यानंतर मी पलंगावर आडवा होतो. तू बघितलं आहेस."

"मला वाटायचं तुम्ही आळशी आहात."

मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. बहिणीनं तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. चष्मेवाला बाहेर जाऊन उभा राहिला आणि आपलाच चष्मा पुसत बसला. माझा जीव भांड्यात पडला, असं म्हणतात ना, तो पडल्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला. बाई म्हणाल्या की आजवरच्या नोकरीत पोट भरल्याची तक्रार घेऊन धावत आलेलं हे पहिलंच माणूस.

पुढचे काही दिवस मला फोनच फोन. "मामा, आत्ता वाटतंय ती भूक की सवय?" "मामा, थांबावंसं वाटतंय, पण ताटात थोडंच राहिलंय, लोक अशा वेळी काय करतात?" मी म्हटलं, लोक आळस करून खाऊन टाकतात आणि मग पस्तावतात, तू लोकांचं ऐकू नकोस. चालायला जसं शिकतात तसं ती जेवायला शिकत होती. खण रिकामे झाले, धुऊन पुसून पुन्हा बटणांचे झाले. शिंगाच्या बटणांना थोडा बटाट्याचा वास राहिला, तो तिनं गिऱ्हाइकाला कधी सांगितला नाही.

बहीण झाकणाचं भांडं आणायला गेली, मी सोबत होतो. भांडीवाल्यानं विचारलं, "केवढं देऊ? रोज किती उरतं तुमच्याकडे?" माझी बहीण ताठ उभी राहिली. "उरतं हो आमच्याकडे," म्हणाली. "तुम्ही मोठं दाखवा." भांडीवाल्याला वाटलं मोठं श्रीमंत घर असावं. त्यानं भाव वाढवून सांगितला आणि तिनं घासाघीस न करता घेतलं.

समितीच्या दिवशी टेबलापलीकडे बरीच मंडळी होती, आमच्या डॉक्टरीणबाई मधोमध. काटा बघितला, तो खाली सरकलेला होता. फार नाही, पण ज्या माणसाचा काटा जन्मभर एकाच दिशेला गेला त्याच्यासाठी ती मोठीच गोष्ट. भुकेचं विचारलं. भाचीनं अर्ध्या बटाट्याची हकिकत सांगितली आणि टेबलापलीकडचे दोघं कागदामागे तोंड लपवून हसले. औषध चालू ठेवायचं ठरलं. माझ्या बहिणीनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

पण डॉक्टरीणबाईंचं काम आडपडदा नसलेलं. त्या भाचीला म्हणाल्या, "एक नीट समजून घ्या. या औषधानं मूळ दोष जात नाही. थांबवलं की भूक होती तशी परत येईल. म्हणजे रोज सुई, प्रवासात, आजारपणात, सणासुदीला, बहुधा आयुष्यभर. तीळ काळे राहतील. वजन सावकाश उतरेल, आणि चारचौघींसारखं होईलच असंही नाही. कितीतरी लोकांना रोज तेच ते करायचा कंटाळा येतो. तुम्हाला आला तर?"

भाचीनं थोडा विचार केला. मग म्हणाली:

"डॉक्टर, आजवर माझ्या डोक्यात पुढच्या घासाखेरीज दुसरं काही मावतच नव्हतं. परवा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी नुसती बसले होते, आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की मी कसलाच विचार करत नाहीये. कंटाळा यायला डोकं रिकामं लागतं हो, ते मला आत्ता कुठं मिळालंय. येऊ दे की कंटाळा. तोही बघते एकदा कसा असतो."